परदेशातल्या मिशन ट्रिपवर मुलांमध्ये काम : निघण्याआधी ठरवायच्या गोष्टी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, टीमबरोबर तुम्ही पहिल्यांदाच परदेशात दहा दिवसांच्या मिशन ट्रिपला निघालात. आठवडाभर खेड्यातल्या एका मंडळीत मुलांचं शिबिर आणि शेवटचे दोन दिवस एका बालगृहात. तिथली भाषा येत नाही. खेळ कोणते घ्यावेत, भेटवस्तू काय न्याव्यात, निघताना मुलं रडायला लागली तर काय करावं, हे तुम्हाला हवंय. आणि सगळ्यात शेवटी एक ओळ आहे, "दहा दिवसांनी मुलांच्या आयुष्यात खरंच काही फरक पडतो का?"

मी त्या शेवटच्या ओळीपासूनच सुरुवात करतो, कारण तिचं उत्तर ठरलं की बाकीची आपोआप ठरतात. बालसेवेत मी बरीच वर्षं आहे. टीम घेऊन बाहेर गेलोय, आणि बाहेरून आलेल्या टीम्स आमच्या मुलांमध्ये काम करायच्या तेव्हा त्यांची व्यवस्थाही पाहिलीय. या दुसऱ्या बाजूला उभं राहिलं की एक गोष्ट दिसते, जी पाहुण्यांना कधीच दिसत नाही, कारण ती घडते ते गेल्यानंतरच्या रविवारी. शिबिरात गिटार असते, एकसारखे टी-शर्ट असतात, रोज बक्षिसं असतात. पुढच्या रविवारी तीच मुलं आपल्या नेहमीच्या संडे स्कूलच्या, म्हणजे चर्चच्या रविवारच्या मुलांच्या वर्गाच्या, बाईंसमोर बसतात. बाईंकडे फळा, खडू आणि आठवडाभर ओरडून बसलेला घसा. पहिला प्रश्न येतो, "आज गिफ्ट नाही?" मग काही आठवडे हजेरी पडते. टीमने वाईट काहीच केलेलं नसतं, फक्त त्या बाईंना त्यांच्याच वर्गात फिकं करून ती निघून गेलेली असते.

म्हणून माझं उत्तर हे : दहा दिवसांत तुमच्यामुळे मुलाचं आयुष्य बदलावं अशी अपेक्षाच ठेवू नका. जी माणसं अकराव्या दिवशीही तिथेच असणार आहेत, म्हणजे आईवडील, संडे स्कूलचे शिक्षक आणि पाळक (पास्टर), त्यांचा मुलांसमोरचा मान तुमच्या येण्याने वाढला पाहिजे आणि त्यांचं काम थोडं हलकं झालं पाहिजे. एवढं दहा दिवसांत नक्की होतं. खेळ, खाऊ, फोटो, प्रार्थना, सगळं मी याच मापाने मोजतो.

आता यात परिस्थितीवर अवलंबून असणारंही बरंच आहे. तुम्हाला तिथल्या मंडळीने बोलावलंय की तुमच्या मंडळीने "आम्ही येतो" असं कळवलंय, यानेच अर्धा फरक पडतो. मुलं विश्वासी, म्हणजे ख्रिस्ती, घरांतली आहेत की आजूबाजूच्या सगळ्या वस्तीतली? त्या देशात धर्मप्रचाराबद्दल कायदा काय म्हणतो? व्हिसा कोणता आहे, आणि त्यावर हे काम चालतं का? ही उत्तरं माझ्याकडे नाहीत, तुमच्या लीडरकडे असायला हवीत. त्यांना विचारायला संकोचू नका. ज्या लीडरला या प्रश्नांचा राग येतो, त्याच्याबरोबर मी मुलांमध्ये काम करायला जाणार नाही.

सगळ्यात आधी बालगृहाचे ते दोन दिवस. यावर मी जरा लांबणार आहे, कारण तुमच्या प्रश्नात याबद्दल शंका कुठेच दिसली नाही.

"अनाथाश्रम" म्हटलं की आपण धरून चालतो की आतल्या मुलांना कोणी नाही. बहुतेक ठिकाणी हे खरं नसतं. कंबोडियात 2005 ते 2010 या पाच वर्षांत अशा संस्थांची संख्या सुमारे 75 टक्क्यांनी वाढली, आणि आतल्या दर चार मुलांपैकी जवळजवळ तिघांचे आई किंवा वडील, निदान एक जण, हयात होते. या काळात त्या देशात अनाथ मुलं काही एवढी वाढली नव्हती. वाढले होते पर्यटक, स्वयंसेवक आणि देणगीदार. गरीब आईबापांना सांगितलं जातं की मुलाला शाळा मिळेल, दोन वेळचं जेवण मिळेल, आणि मूल घर सोडतं. पाहुणे येत राहिले की पैसा येत राहतो, आणि पैसा येत राहायला मुलं लागतात. डिसेंबर 2019 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या महासभेने बालहक्कांवरच्या ठरावात याची दखल घेतली, की पर्यटनाच्या ओघात अनाथाश्रमांमध्ये चालणाऱ्या स्वयंसेवेतून मुलांची तस्करी आणि शोषण होऊ शकतं.

आपल्या मंडळ्यांमध्येही हे ठाऊक असायला हवं. 12 जानेवारी 2010 ला हैतीत भूकंप झाला. त्या महिन्याच्या शेवटी एका अमेरिकन बाप्टिस्ट गटातल्या दहा जणांना तिथल्या पोलिसांनी सीमेवर अडवलं. ते 33 मुलांना शेजारच्या डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये नेत होते आणि नेण्याचे रीतसर कागद त्यांच्याजवळ नव्हते. मुलं अनाथ आहेत असं सांगितलं गेलं होतं, पण पुढे आईवडील सापडत गेले. त्या लोकांच्या प्रार्थनेत खोट होती असं मी म्हणत नाही. पण दुसऱ्याच्या मुलाबद्दल निर्णय घ्यायला कळकळ पुरत नाही.

दुसरं कारण मुलांच्या मनाचं आहे. तुम्ही आत पाऊल टाकताच चार-पाच वर्षांचं मूल धावत येऊन कमरेला मिठी मारतं आणि सोडतच नाही. टीमला वाटतं, किती प्रेमळ मूल आहे! घरात वाढणारं त्याच वयाचं मूल अनोळखी माणूस दिसला की आधी आईच्या मागे लपतं. संस्थेत सतत बदलणाऱ्या माणसांमध्ये वाढलेल्या मुलांमध्ये अशी कोणालाही बिलगण्याची सवय दिसते, हे संशोधनातून पुन्हा पुन्हा पुढे आलंय. रोमानियातल्या बुखारेस्टमध्ये 2000 साली सुरू झालेल्या अभ्यासात संस्थांमधली 136 मुलं होती. त्यातल्या निम्म्यांना चिठ्ठ्या टाकून पालक-कुटुंबांत, म्हणजे दुसऱ्याचं मूल सांभाळणाऱ्या घरांत, ठेवलं आणि पुढे अनेक वर्षं दोन्ही गटांकडे लक्ष ठेवलं. लहान वयात कुटुंबात गेलेल्या मुलांची वाढ आणि माणसांशी जुळणारं नातं, दोन्ही संस्थेतच राहिलेल्यांपेक्षा चांगलं निघालं. मग विचार करा : दर महिन्याला नवी टीम येते, दोन दिवस कडेवर घेते, रडून निरोप घेते. त्या मुलाला आणखी एक माणूस सोडून गेलेला असतो. तुमचे दोन दिवस त्या यादीतली एक ओळ.

तेव्हा लीडरना विचारा, की हे दोन दिवस बदलता येतील का. मुलं शाळेत असताना इमारतीची रंगरंगोटी, गळती काढणं, स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या मावशींना दोन दिवस खरी सुट्टी, हिशेबाच्या वह्या लावून देणं, अशी कामं भरपूर असतात. कुठली मुलं घरी परत जाऊ शकतात, हे शोधणारा समाजकार्यकर्ता संस्थेकडे आहे का, हेही विचारा. असेल तर त्याच्या प्रवासखर्चाला पैसे देणं हे मिठाईच्या खोक्यापेक्षा कितीतरी मोलाचं. आणि संस्था म्हणाली, "या, कधीही या, मुलांना बाहेर फिरायला न्या, खोलीत बसा," तर सावध व्हा. जिथे अनोळखी माणसाला इतक्या सहज आत घेतात, तिथे तुमच्याआधी कोण कोण येऊन गेलं असेल?

काही जागा वेगळ्या असतात. दूरच्या पाड्यांवरची मुलं शिक्षणासाठी वसतिगृहात राहतात आणि सुट्टीत घरी जातात, तिथलं चित्र इतकं काळं नाही. तिथे दुपारचा खेळ घ्यायला माझी हरकत नाही, पण शिबिरासाठी जे नियम आहेत तेच तिथेही.

आता शिबिर. इथे मात्र मोकळ्या मनाने जा, कारण ही मुलं संध्याकाळी आपल्या घरी जाणार आहेत.

समोर उभं राहून गोष्ट सांगायची ती स्थानिक शिक्षकांनी. तुम्ही नोंदणी करा, पाणी भरा, हात धुवायला लावा, कागद कापून ठेवा, खेळात धावा. टीममध्ये कोणी फार छान गोष्ट सांगणारं असेल आणि तिथल्या शिक्षकांनीच आग्रह केला, तर एखादा दिवस घ्या. तेव्हा दुभाष्याला आदल्या संध्याकाळी सगळी गोष्ट लिहून द्या, छोट्या वाक्यांत. दहा मिनिटांची गोष्ट भाषांतरासकट वीस मिनिटांची होते, आणि सहा वर्षांचं मूल तेवढा वेळ बसत नाही, म्हणून मुळात निम्मीच सांगा. शब्दांवर खेळणारे विनोद भाषांतरात मरतात. तोंडावर आपटण्याची नक्कल मात्र कुठेही चालते.

चाळीस मुलं येणार असं कळवलं असेल तर ऐंशीची तयारी ठेवा. आणि एक गोष्ट यादीत कधीच नसते, ती आत्ताच लिहून घ्या : लहान भावंडं. सात-आठ वर्षांची मुलगी येते ती कडेवर वर्षाच्या भावाला घेऊन. घरी आई कामावर, बाळ तिच्याकडे. सगळी मुलं रंगवत असतात तेव्हा ती एका हाताने बाळ सावरते आणि दुसऱ्या हाताने कागद दाबून ठेवायला बघते, म्हणजे खडू धरायला हातच उरत नाही. तिसऱ्या दिवशी ती येत नाही, आणि टीम म्हणते, "तिला आवडलं नसेल." एका कोपऱ्यात चटई घाला, मोठे लाकडी ठोकळे ठेवा, आणि स्थानिक मंडळीतल्या एखाद्या आजींबरोबर टीममधल्या एकीला तिथे बसवा. माझ्या मते अख्ख्या शिबिरातलं सगळ्यात उपयोगी काम हे.

खेळांबद्दल तुम्ही यादी मागितलीय, पण मी ती देणार नाही. पहिल्या दिवशी मुलांनाच म्हणा, "तुमचा खेळ आम्हाला शिकवा." भाषा न येणारा मोठा माणूस चुकतोय आणि आपण त्याला शिकवतोय, यात मुलांना जी मजा येते ती कुठल्याच तयार खेळात नाही. तुमच्याकडचे खेळ घ्याल तेव्हा बाद होणारे टाळा. बाद झालेली मुलं कडेला बसून मारामाऱ्या करतात, आणि सगळ्यात आधी बाद होतं ते सगळ्यात लहान. मोठ्या मुलामुलींनी हात धरायचे खेळ तिथे चालतात का, हे आधी विचारा. आठ वर्षांखालच्या मुलांच्या हाती फुगे देऊ नका, फुटलेला तुकडा घशात अडकतो. हस्तकलेला तेच सामान वापरा जे तिथल्या बाईंना पुढच्या महिन्यातही जवळच मिळेल. चकचकीत स्टिकर घरून नेले, तर तुम्ही गेल्यावर तो उपक्रमही संपला.

सुरक्षिततेचे नियम मी टीमला वाचून दाखवतो आणि सह्या घेतो. कोणाही मुलाबरोबर एकट्याने बंद जागेत राहायचं नाही. दोन मोठी माणसं, आणि दोघं सगळ्यांच्या नजरेत. मुलांना शौचाला न्यायचं ते स्थानिक बायकांनी. मूल आपणहून जवळ आलं तर खांद्यावर हात पुरतो, मांडीवर घेणं नाही. फोन नंबर द्यायचा नाही, सोशल मीडियावर जोडून घ्यायचं नाही. तुमच्या मंडळीने टीमची पोलीस पडताळणी केलीय का, हेही विचारा. "आपल्या माणसांची कशाला?" असं उत्तर आलं, तर मुलांना इजा करणारी माणसं बहुतेक वेळा ओळखीचीच असतात, एवढं सांगा.

आणि एखादं मूल मार किंवा अत्याचार झाल्याचं सांगू लागलं तर? शांतपणे ऐका. खोदून प्रश्न विचारू नका, "त्याने असं केलं का?" असं तर मुळीच नाही. "कोणाला सांगणार नाही" असं वचन देऊ नका, कारण ते मोडावंच लागेल. त्याच दिवशी मुलाच्या शब्दांत लिहून काढा आणि ठरवलेल्या माणसाला सांगा. तो माणूस कोण आणि तिथला कायदा काय सांगतो, हे निघण्याआधी ठरलेलं हवं. यातली खरी अडचण दुभाष्याची आहे. छोट्या गावात दुभाषी हा पाळकांचा पुतण्या असतो, किंवा ज्याच्याबद्दल मूल बोलतंय त्याचाच शेजारी. म्हणून टीमबाहेरची, त्या गावाशी नातं नसलेली एक भाषा जाणणारी व्यक्ती फोनवर मिळेल अशी सोय ठेवतो.

फोटो : टीममध्ये एकच जण काढेल, बाकीच्यांचे फोन पिशवीत. पालकांची परवानगी आधी. मुलाचं नाव, चेहरा आणि गाव एकत्र कुठेही टाकायचं नाही. नाक गळणारं, उघडं, धुळीतलं मूल पाहून तुमचा हात कॅमेऱ्याकडे जाईल, तेव्हा आपल्या भाचीचा असा फोटो परक्या माणसाने जगभर पाठवलेला चालेल का, एवढंच मनात आणा.

आता सुवार्तेचा भाग, ज्यावर माझं टीम लीडरशी सगळ्यात जास्त वाजतं. शिबिराच्या शेवटच्या दिवशी "ज्यांना येशूला स्वीकारायचंय त्यांनी हात वर करा" असं म्हटलं जातं, आणि सगळे हात वर जातात. जायचेच. पाहुण्यांनी आठवडाभर खेळवलंय, त्यांना काय हवंय ते मुलांना बरोबर कळतं. उद्या पुन्हा विचारलंत तर पुन्हा वर करतील. ते हात मोजून घरी आकडा कळवणं मला अप्रामाणिक वाटतं. बक्षीस आणि प्रार्थना एकाच वेळी कधीच नको. वेगळ्या धर्माच्या घरातलं मूल असेल तर त्याचे परिणाम तुम्ही विमानात बसल्यावर तेच भोगणार. 1989 च्या बालहक्क करारात मुलाच्या धर्मस्वातंत्र्याचं कलम आहे, 14 वं, आणि त्यातच आईवडिलांनी मुलाला दिशा देण्याचा हक्कही मानलाय. काही देशांत हा तुरुंगाचा मामला आहे. नेपाळच्या 2017 च्या फौजदारी संहितेत धर्मांतर करवण्याला पाच वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजार रुपयांपर्यंत दंड आहे, आणि परदेशी माणूस असेल तर शिक्षा संपल्यावर सात दिवसांत त्याला देशाबाहेर काढतात. तुमच्यामागे खटले चालतात ते तिथल्या पाळकांवर.

मग काहीच बोलायचं नाही का? बोला की. शिबिरात बायबलची गोष्ट असणार, गाणी असणार, हे पालकांना पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगून मुलं घ्या. मार्कच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात बालकांना येशूकडे माणसं घेऊन येतात, बहुधा त्यांच्याच घरची. त्याने त्यांना कवेत घेऊन आशीर्वाद दिला. घरच्यांना बगल देऊन मुलांना गाठल्याचं तिथे कुठे दिसत नाही. एखाद्या मुलाच्या मनात खरंच काही उमललं असेल तर ते पुढच्या महिन्यातही असेल, आणि तेव्हा त्याच्याशी बोलायला त्याच्या भाषेतल्या बाई तिथे आहेत.

भेटवस्तूंबद्दल फार लिहीत नाही. जे द्यायचं ते मंडळीला द्या, शक्यतो तिथल्याच बाजारातून घेऊन, आणि शिक्षकांच्या हातून सगळ्यांना सारखं वाटू द्या. गाडीच्या खिडकीतून चॉकलेट फेकणं बंद. आवडत्या मुलाला गुपचूप काही देणं त्याहून वाईट, कारण तुम्ही गेल्यावर बाकीची मुलं त्याचा सूड घेतात. औषधाची साधी गोळीही देऊ नका. आणि तुम्हाला ताप-खोकला असेल तर त्या दिवशी मुलांपासून लांब राहा.

राहिला निरोप. मुलं रडतात, त्याचं निम्मं कारण टीमच असते. आधी आपण रडतो, मग मिठ्या, मग "मी परत येईन." हे वाक्य तिकीट हातात असल्याशिवाय उच्चारू नका, मुलं ते वर्षानुवर्षं लक्षात ठेवतात. पहिल्या दिवशी रंगीत कागदाच्या कड्यांची साखळी भिंतीवर लावा, जितके दिवस तितकी कडी, आणि रोज एक मुलांनाच तोडू द्या. जाणं कधी आहे, हे लहानातल्या लहानालाही कळतं. शेवटच्या दिवशी कार्यक्रम नेहमीपेक्षा छोटा ठेवा. शेवटचा शब्द बाईंचा, आणि तो पुढच्या रविवारी काय आहे याबद्दल. मग मुलांना आधी पालकांबरोबर घरी जाऊ द्या, तुम्ही त्यानंतर सामान आवरा. मुलांनी तुमची गाडी धुरळ्यात नाहीशी होताना बघत उभं राहायला नको. तुम्हाला रडायचं असेल तर मुक्कामाच्या जागी जाऊन पोटभर रडा, त्यात गैर काहीच नाही.

लीडरना आज विचारायचं ते एकदा एकत्र सांगतो : बोलावलं कोणी, व्हिसा आणि कायदा काय, बालगृहाचे दिवस बदलतील का, तक्रार कोणाकडे, गोष्ट कोण सांगणार. बाकीचं तिथे गेल्यावर जमतं.

एक राहिलं. परत आल्यावर रविवारी मंडळीसमोर तुम्हाला साक्ष द्यायला, म्हणजे ट्रिपचा अनुभव सांगायला, उभं करतील आणि पडद्यावर दाखवायला फोटो मागतील. एखाद्या मुलाच्या घरची दुःखं तिथे सांगू नका, ती सांगायची परवानगी त्याने तुम्हाला दिलेली नाही. त्या बाई दर रविवारी काय करतात आणि त्यांना वर्षभर कशाची गरज आहे, यावर बोला. आणि निघण्याआधी त्यांना विचारून त्यांचाच, वर्गात शिकवतानाचा, एक चांगला फोटो काढून ठेवा. मुलांचे चेहरे दिसणार नाहीत असा.